संगणक-शंका : डेटाबेसचे त्रुटीसंदेश आणि त्यांच्यामागची कारणे

डेटाबेसविषयीच्या, म्हणजे संगणकावर टेबलांत ठेवलेल्या नोंदींविषयीच्या, शंका मागवल्यानंतर सोलापूर शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून बरीच पत्रे आली. बहुतेकांनी नाव छापू नये अशी विनंती केली असल्यामुळे व्यवसाय आणि ठिकाण एवढेच दिले आहे, आणि लांब पत्रे संक्षिप्त केली आहेत. वेगळा उल्लेख नसेल तेथे उत्तर मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रामला धरून आहे, असे समजावे.

प्रश्न : बाजार समितीच्या आवारात आमचे कांद्याचे अडत दुकान आहे. २०२४च्या दसऱ्यापासून आवक आणि हिशेबपट्ट्या ॲक्सेसमध्ये ठेवतो. फॉर्मवर तारीख लिहून बटण दाबले की त्या दिवसाचा रिपोर्ट येतो. परंतु ५ डिसेंबरचा रिपोर्ट रिकामा येतो आणि बेरजेच्या जागी ‘#एरर’ दिसते. १२ डिसेंबरचा बरोबर येतो, १३ पासून पुढचे सगळे बरोबर येतात. क्वेरीच्या (नोंदी निवडून काढणाऱ्या प्रश्नाच्या) डिझाईनमध्ये हाताने तारीख टाकली तर ५ डिसेंबरची आवक व्यवस्थित दिसते. कॉम्पॅक्ट अँड रिपेअर (फाईल आवळून दुरुस्त करण्याची सोय) करूनही फरक पडला नाही. टेबल खराब झाले आहे का?
— अडत व्यावसायिक, सोलापूर

उत्तर : टेबल खराब झालेले नाही. १२ डिसेंबरचा रिपोर्ट बरोबर येतो, ही जी गोष्ट आपण सहज लिहून गेला आहात, तिच्यातच दोषाचा पत्ता आहे. त्या तारखेत दिवस आणि महिना यांचा आकडा एकच आहे. त्यामुळे ते उलटसुलट वाचले गेले तरी बिघडत नाही.

आपल्या बटणामागे व्हीबीएचा, म्हणजे ॲक्सेसमधील प्रोग्रामिंगच्या भाषेचा, जो कोड आहे, तो फॉर्मवरची तारीख उचलून एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेच्या, वाक्यात दोन हॅशचिन्हांच्या (#) मध्ये जशीच्या तशी जोडत असणार. विंडोजमध्ये आपण भारतीय पद्धत निवडलेली असते, म्हणून वाक्यात ०५/१२/२०२४ असे येते. मात्र एसक्यूएलच्या वाक्यातील तारीख वाचताना ॲक्सेस विंडोजची ही निवड पाहत नाही. तेथे अमेरिकी क्रम, म्हणजे आधी महिना आणि मग दिवस, हाच धरला जातो. त्यामुळे आपण ५ डिसेंबर विचारता आणि ॲक्सेस १२ मे शोधते. १३ डिसेंबर विचारल्यावर तेरावा महिना अस्तित्वातच नसल्यामुळे ते आकड्यांची अदलाबदल करून घेते आणि योग्य उत्तर देते. परंतु असे केल्याचे कोठेही कळवत नाही. ही परस्पर केलेली मदत मला या प्रोग्राममधील सर्वांत घातक सोय वाटते. तेरा तारखेला सरळ एरर आला असता, तर कोड लिहिणाऱ्याला पहिल्याच महिन्यात दोष सापडला असता. क्वेरीच्या डिझाईनमध्ये हाताने टाकलेली तारीख मात्र विंडोजच्या निवडीप्रमाणे वाचली जाते, म्हणून तेथे उत्तर बरोबर आले. तीच क्वेरी एसक्यूएल व्ह्यूमध्ये उघडून पाहिलीत, तर ॲक्सेसने स्वतःच महिना पुढे आणलेला दिसेल.

‘#एरर’ हा या दोषाचा केवळ शेवटचा परिणाम आहे. २०२४च्या मे महिन्यात आपल्याकडे हा प्रोग्रामच नव्हता, त्यामुळे त्या तारखेची एकही नोंद नाही. आणि ज्या रिपोर्टला एकही नोंद मिळत नाही, त्याच्या बेरजेच्या चौकटीत ॲक्सेस ‘#एरर’ छापते. ते टाळण्यासाठी रिपोर्टच्या हॅजडेटा या गुणधर्माची तपासणी करून, नोंदी नसतील तर शून्य दाखवावे, असे सूत्र चौकटीत लिहिता येते. परंतु एवढेच करून थांबलात तर दोष झाकला जाईल, दुरुस्त होणार नाही.

येथे आपण न विचारलेली एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. ११ डिसेंबरचा जो रिपोर्ट आपण काढला असेल, तो पुन्हा पाहावा. तो रिकामा आला नसेल, त्यावर ‘#एरर’ही नसेल, मात्र त्यातील आवक १२ नोव्हेंबरची असण्याची दाट शक्यता आहे. रिकामा रिपोर्ट निदान डोळ्यांवर येतो. दुसऱ्याच दिवसाची भरलेली बेरीज कोणाच्या लक्षात येत नाही. शिवाय प्रोग्राम वर्षभर वापरल्यानंतर पुढच्या डिसेंबरमध्ये ५ तारखेला मागील १२ मेची आवक दिसू लागेल, म्हणजेच संदेश आपोआप नाहीसा होईल आणि चूक तशीच राहील. अशाच कोडने नोंदी खोडल्या किंवा बदलल्या जात असतील, तर तो भाग दुरुस्ती होईपर्यंत वापरू नये.

उपाय दोन आहेत. पहिला असा की, कोडमध्ये तारीख जोडण्यापूर्वी फॉरमॅट या फंक्शनने ती वर्ष, महिना, दिवस या क्रमात, मध्ये आडव्या रेघा देऊन, ‘#२०२४-१२-०५#’ या साच्यात लिहावी (कोडमध्ये अर्थातच इंग्रजी अंकांत). हा क्रम ॲक्सेस दोन प्रकारे वाचू शकत नाही. दुसरा, आणि माझ्या मते अधिक चांगला, असा की तारीख वाक्यात जोडूच नये. क्वेरीत पॅरामीटर, म्हणजे किंमत बाहेरून भरायची मोकळी जागा, ठेवावा, त्याचा प्रकार ‘डेट/टाईम’ असा स्पष्टपणे घोषित करावा आणि तो फॉर्मवरच्या चौकटीकडून भरून घ्यावा.

तारखांचाच विषय निघाला आहे, म्हणून आणखी एक सापळा. ॲक्सेस तारीख ही संख्या म्हणून साठवते : ३० डिसेंबर १८९९ पासून मोजलेले दिवस हा पूर्णांक, आणि वेळ हा अपूर्णांक. नोंद करताना आपण डेट ऐवजी नाऊ हे फंक्शन वापरले असेल, तर प्रत्येक तारखेला वेळ चिकटलेली असते, आणि ‘१ ते ७’ असा कालावधी मागितल्यावर ७ तारखेच्या दिवसभरातील नोंदी गळतात. अशा वेळी वरची मर्यादा ‘८ तारखेच्या आधी’ अशी लिहावी.

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. मालाच्या आणि कामगारांच्या पगाराच्या नोंदींची एकच ॲक्सेस फाईल एका संगणकावर शेअर केली आहे आणि तिघे जण ती एकाच वेळी वापरतात. कधी कधी ‘ॲडमिन या वापरकर्त्याने अमुक मशीनवरून डेटाबेस अशा स्थितीत ठेवला आहे की तो उघडता येत नाही’ असा संदेश येतो. ॲडमिन कोण, यावरून कार्यालयात वादही झाला. त्यातच गेल्या महिन्यात वीज गेल्यानंतर ‘अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट’ असे येऊन फाईल उघडेनाशीच झाली. शेवटी आठवड्यापूर्वीच्या प्रतीवर काम चालवावे लागले.
— हिशेबनीस, टॉवेल कारखाना, सोलापूर

उत्तर : आधी वाद मिटवू. ॲडमिन हा आपल्या कार्यालयातील कोणी माणूस नाही. वापरकर्त्यांची वेगळी सुरक्षा ठेवलेली नसेल, तर ॲक्सेसच्या लेखी फाईल उघडणारा प्रत्येक जण ‘ॲडमिन’च असतो. त्या संदेशात उपयोगाचे असते ते केवळ मशीनचे नाव.

फाईल पहिल्यांदा उघडली जाते तेव्हा त्याच फोल्डरमध्ये तिच्याच नावाची एक छोटी फाईल तयार होते. जुन्या एमडीबी प्रकारच्या फाईलसाठी तिच्या नावाचे शेपूट एलडीबी असते, नव्या एसीसीडीबीसाठी एलएसीसीडीबी. कारखान्याच्या फाटकावरील हजेरीवहीप्रमाणे कोणत्या मशीनवरून कोण आत आले, याची नोंद तीत होते आणि कोणी काय कुलूपबंद केले आहे याचा हिशेब तिच्या आधारे ठेवला जातो. शेवटचा वापरकर्ता बाहेर पडला की ती फाईल नाहीशी होते. नोटपॅडमध्ये उघडून मशीनची नावे वाचता येतात. मात्र आधीच बाहेर पडलेल्यांची नावेही तीत राहू शकतात. वीज जाऊन संगणक अचानक बंद पडला तर ही फाईल मागे उरते. केवळ ती उरली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. सर्वांनी ॲक्सेस बंद केल्यानंतर ती खोडून टाकावी. विंडोजने खोडू दिली नाही, तर कोणाच्या तरी संगणकावर फाईल अजून उघडी आहे असे समजावे. ज्या संगणकावर फाईल आहे त्याच्या ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’मध्ये ‘शेअर्ड फोल्डर्स’खाली उघड्या फाईलींची यादी पाहता येते.

आणखी एक कारण वारंवार आढळते. त्या फोल्डरमध्ये एखाद्या वापरकर्त्याला फाईल वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी असते, पण नवी फाईल तयार करण्याची किंवा खोडण्याची नसते. असा माणूस सकाळी पहिला आला तर त्याला कुलपाची फाईल तयार करता येत नाही, आणि मग पुढच्यांना डेटाबेस उघडता येत नाही किंवा तो केवळ वाचण्यापुरता उघडतो. तिघांनाही फोल्डरवर या सर्व परवानग्या द्याव्यात. आपल्याला येणारा संदेश मात्र बहुधा कोणीतरी फॉर्म किंवा रिपोर्ट डिझाईन व्ह्यूमध्ये उघडल्यामुळे येतो, कारण रचना बदलण्यासाठी ॲक्सेसला अख्खी फाईल एकट्याच्या ताब्यात हवी असते.

आता उघडेनाशा झालेल्या फाईलविषयी. ‘अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट’ या संदेशाचे दोन अगदी भिन्न अर्थ होतात. जुन्या ॲक्सेसने नवी फाईल उघडायचा प्रयत्न केला तरी तो येतो, आणि फाईलच्या सुरुवातीची पाने, म्हणजे साठवणुकीचे तुकडे, खराब झाली तरी येतो. काल उघडणारी फाईल त्याच संगणकावर आज उघडत नसेल, तर दुसरा अर्थ घ्यावा. अशा वेळी पहिले काम दुरुस्ती हे नसून, खराब झालेल्या फाईलची प्रत काढून ती बाजूला ठेवणे हे आहे. कॉम्पॅक्ट अँड रिपेअर हे साधन जे वाचता येत नाही ते टाकून देऊ शकते, आणि मूळ फाईलवरच ते चालवले तर परत फिरण्याची वाट उरत नाही. म्हणून प्रत काढावी, प्रतीवर कॉम्पॅक्ट चालवावे. ते जमले नाही तर नवा रिकामा डेटाबेस तयार करून त्यात जुन्यातील टेबले एकेक करून इम्पोर्ट करावीत. अनेकदा एकच टेबल अडते आणि बाकीची सुखरूप येतात. अडलेल्या टेबलात लाँग टेक्स्ट, म्हणजे पूर्वीचे मेमो, प्रकारचे रकाने असतील तर ते वगळून उरलेले रकाने आणून पाहावेत, कारण मोठा मजकूर नोंदीपासून वेगळ्या पानांवर साठवलेला असतो आणि त्याचा धागा तुटणे हा नेहमीचा बिघाड आहे. सुरुवातीचीच पाने गेली असतील तर मात्र यांपैकी काहीही चालत नाही आणि बॅकअप हाच आधार उरतो. आपण जुन्या प्रतीवर काम चालवले, तो निर्णय योग्यच होता.

पुन्हा असे होऊ नये यासाठी आपली मांडणी बदलावी लागेल. ‘डेटाबेस टूल्स’मध्ये डेटाबेस विभागण्याची सोय आहे. तिने टेबले एका फाईलमध्ये आणि फॉर्म, क्वेरी, रिपोर्ट दुसऱ्या फाईलमध्ये जातात. टेबलांची फाईल शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या फाईलची स्वतंत्र प्रत तिघांच्या संगणकांवर ठेवावी. टेबले जोडताना झेड ड्राईव्ह वगैरे अक्षरांऐवजी संगणकाच्या नावाने सुरू होणारा नेटवर्कचा पूर्ण पत्ता द्यावा. नाहीतर एखाद्या संगणकावर ड्राईव्हचे अक्षर बदलताच ‘नॉट अ व्हॅलिड पाथ’ असा संदेश येतो. टेबलांची फाईल वायफायवरून वापरू नये, आणि आपोआप ताळमेळ घालणाऱ्या ऑनलाईन ड्राईव्हच्या फोल्डरमध्ये तर मुळीच ठेवू नये. तिचा आकार २ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही, त्यामुळे मालाची छायाचित्रे आत साठवण्याऐवजी त्यांचा पत्ता साठवावा.

यूपीएसविषयी एक सूचना. संगणकांना यूपीएस असतो, पण ज्यातून तिघांच्या तारा जातात तो नेटवर्क स्विच भिंतीवरच्या साध्या प्लगला लावलेला असतो. वीज गेल्यावर तिन्ही संगणक चालू राहतात आणि त्यांच्यातील संपर्क मात्र नोंद लिहिण्याच्या मध्येच तुटतो. फाईल खराब होण्यासाठी याहून सोयीची परिस्थिती नाही. स्विचही यूपीएसवर घ्यावा.

प्रश्न : रिपोर्ट उघडताना ‘एंटर पॅरामीटर व्हॅल्यू’ अशी चौकट येऊन ‘थकबाकी’ हे नाव दिसते. काहीही न लिहिता ओके दाबले की रिपोर्ट येतो, पण तो रकाना रिकामा असतो.
— पतसंस्थेतील लिपिक, बार्शी

उत्तर : ॲक्सेसला ‘थकबाकी’ या नावाचा रकाना सापडत नाही, म्हणून त्याची किंमत ते आपल्यालाच विचारत आहे. टेबलात किंवा क्वेरीत त्या रकान्याचे नाव बदलले गेले असेल, अथवा नावाच्या शेवटी एखादी मोकळी जागा किंवा वेगळे ऱ्हस्व-दीर्घ असेल. क्वेरी तपासून दोष मिळाला नाही तर रिपोर्टच्या ‘ग्रुप, सॉर्ट अँड टोटल’ पट्टीत पाहावे. क्रम लावण्यासाठी दिलेले जुने नाव तेथे दडून राहते. हाच दोष व्हीबीएच्या कोडमधून आला की त्याचे रूप बदलते आणि ‘टू फ्यू पॅरामीटर्स, एक्स्पेक्टेड १’ असा संदेश मिळतो.

प्रश्न : नवी पावती करताना ‘इंडेक्स, प्रायमरी की किंवा रिलेशनशिपमध्ये दुबार किंमत निर्माण होईल’ असा संदेश येतो. पावती क्रमांक ऑटोनंबर आहे, आम्ही तो हाताने भरत नाही, मग दुबार कसा होईल? तसेच मधले काही क्रमांक गायब असल्याबद्दल लेखापरीक्षकांनी विचारणा केली आहे.
— त्याच पतसंस्थेतून दुसरे पत्र

उत्तर : ऑटोनंबरचा पुढचा आकडा टेबलासोबत वेगळा नोंदलेला असतो. जुन्या पावत्या अपेंड क्वेरीने टेबलात ओतल्या गेल्या असतील किंवा फाईल एकदा खराब होऊन दुरुस्त झाली असेल, तर तो आकडा मागे जाऊ शकतो, आणि मग ॲक्सेस आधीच वापरलेला क्रमांक पुन्हा देऊ पाहते. प्रत काढून कॉम्पॅक्ट अँड रिपेअर केल्यावर बहुधा तो आकडा जागेवर येतो. तत्पूर्वी टेबलात अन्य एखाद्या रकान्यावर दुबार किंमत नाकारणारा इंडेक्स (शोधासाठीची अनुक्रमणिका) नाही ना, हे पाहावे, कारण संदेशात दोषी रकान्याचे नाव येत नाही.

दुसऱ्या शंकेबाबत माझे मत स्पष्ट आहे : ऑटोनंबर हा पावती क्रमांक म्हणून वापरू नये. नोंद लिहायला सुरुवात करून एस्केप दाबले तरी तो आकडा खर्ची पडतो आणि परत मिळत नाही. प्रत्येक नोंद वेगळी ओळखता यावी एवढ्यासाठीच तो असतो. क्रमाने आणि सलग यावे अशी हमी त्यात नाही. लेखापरीक्षकांना दाखवायचा क्रमांक वेगळ्या रकान्यात, पावती जतन होण्याच्या क्षणी, आधीच्या सर्वांत मोठ्या क्रमांकात एक मिळवून द्यावा. दोघे जण एकाच क्षणी पावती करतील ही शक्यता धरून त्या रकान्यावर दुबार किंमत नाकारणारा इंडेक्स अवश्य लावावा, आणि असा नकार आला तर कोडने पुढचा क्रमांक घेऊन पुन्हा प्रयत्न करावा.

प्रश्न : आमच्या वाचनालयाची सभासदनोंद मराठीत आहे. टेबलात आणि फॉर्मवर मराठी नीट दिसते, परंतु ‘पुस्तक परत करण्याची मुदत संपली आहे’ हा संदेश कोडमध्ये लिहिला की पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हे येतात. तसेच टेबल सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या मजकुराच्या फाईलमध्ये) काढले तरी प्रश्नचिन्हे येतात. जुनी हजारभर नावे युनिकोडपूर्व (सर्व लिप्यांना सामायिक अशा अक्षरसंकेताच्या आधीच्या) फाँटमध्ये आहेत. त्यांचे काय करावे?
— ग्रंथपाल, सोलापूर

उत्तर : येथे दिसायला सारखे असणारे तीन वेगळे प्रश्न आहेत.

ॲक्सेसची टेबले आणि फॉर्म २००० सालच्या आवृत्तीपासून युनिकोड जाणतात. कोड लिहिण्याचा व्हीबीएचा संपादक मात्र अजूनही विंडोजच्या जुन्या कोडपेजवर, म्हणजे एखाद्या लिपीपुरत्या अक्षरसंचावर, चालतो, आणि देवनागरीसाठी विंडोजने असे कोडपेज कधी दिलेच नाही. म्हणूनच ‘नॉन-युनिकोड प्रोग्रामसाठी भाषा’ या ठिकाणी मराठी निवडण्याचा जो सल्ला अनेकदा मिळतो, तो रशियन किंवा अरबीला उपयोगी पडला तरी आपल्याला पडत नाही. कोडमध्ये आपण टाईप केलेले अक्षर त्याच क्षणी प्रश्नचिन्ह होते. शिवाय एमएसजीबॉक्स या संदेश दाखवणाऱ्या आज्ञेची चौकटही जुन्याच पद्धतीची असल्यामुळे, टेबलातून आणलेला मजकूर तिला दिला तरी निकाल तोच. उपाय सोपा आहे : सर्व संदेश एका छोट्या टेबलात क्रमांकानिशी ठेवावेत, संदेश दाखवण्यासाठी एक लहानसा फॉर्म तयार करावा, आणि कोडने केवळ क्रमांक सांगून तो फॉर्म उघडावा. यात एक फायदाही आहे. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड वाचणारे सभासद पुष्कळ आहेत; त्याच टेबलात आणखी दोन रकाने वाढवले की संदेश त्यांच्या भाषेतही देता येतील.

सीएसव्ही काढताना निर्यातीच्या चौकटीत ‘ॲडव्हान्स्ड’ हे बटण दाबून कोडपेजच्या यादीतून यूटीएफ-८ हा युनिकोडचा प्रकार निवडावा. प्रश्नचिन्हे असलेली सीएसव्ही फाईल निरुपयोगी आहे. तीतील अक्षरे परत मिळवता येत नाहीत. त्यामुळे अशी फाईल बॅकअप म्हणून ठेवली असेल तर ती बॅकअप नाही, असेच समजावे.

जुन्या फाँटमधील नावे ही खरे तर इंग्रजी अक्षरेच आहेत. फाँटने त्यांना मराठीचे रूप दिले आहे. ती अकारविल्हे लागत नाहीत आणि युनिकोडमध्ये टाईप करून शोधली तर सापडत नाहीत. फाँट बदलून काही होणार नाही, कन्व्हर्टरने रूपांतरच करावे लागेल. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये व्यंजनानंतर. रफाराची जागाही बदलते. त्यामुळे सर्व नावे एकदम न बदलता, आधी नव्या रकान्यात रूपांतर करून बिराजदार, कुलकर्णी, चिट्टी अशी वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे असलेली नावे डोळ्यांखालून घालावीत. जुना रकाना लगेच खोडू नये.

प्रश्न : आमच्या वाहतूक व्यवसायात डॉस या जुन्या प्रणालीवरील फॉक्सप्रो या डेटाबेसच्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम अनेक वर्षे चालू आहे. नव्या विंडोज ११च्या संगणकावर ‘धिस ॲप कान्ट रन ऑन युवर पीसी’ असे येते. जुन्या संगणकावरून डेटा पेनड्राईव्हवर घेतला, तर ‘मेमो फाईल इज मिसिंग ऑर इनव्हॅलिड’ आणि एका ठिकाणी ‘इंडेक्स डज नॉट मॅच द टेबल’ असे संदेश येतात.
— वाहतूक व्यावसायिक, सोलापूर

उत्तर : जुना संगणक अजून चालू असेल तर तो विकू नये, त्यावर काही खोडू नये, आणि पहिल्यांदा त्यातील संपूर्ण फोल्डर जसेच्या तसे उचलावे. आपण बहुधा केवळ डीबीएफ, म्हणजे टेबलांच्या, फाईली आणल्या आहेत. फॉक्सप्रोमध्ये लांब मजकूर त्याच नावाच्या एफपीटी फाईलमध्ये असतो, आणि ती सोबत नसेल तर टेबल उघडत नाही. सीडीएक्स किंवा आयडीएक्स या इंडेक्सच्या फाईली वेगवेगळ्या दिवशी आणलेल्या असतील तर त्यांचा टेबलाशी मेळ बसत नाही. यांत फरक लक्षात ठेवावा : इंडेक्स टेबलावरून पुन्हा तयार करता येतो, म्हणून तो गेला तरी डेटा गेलेला नसतो, एफपीटी पुन्हा तयार करता येत नाही. प्रोग्राममध्ये ‘री-इंडेक्स’ किंवा ‘फाईल सेटिंग’ असा पर्याय असेल तर तो प्रतीवर चालवावा. पॅक ही आज्ञा मात्र या धामधुमीत कोणालाही देऊ देऊ नये. फॉक्सप्रोमध्ये खोडलेली नोंद केवळ खूण करून ठेवलेली असते आणि रिकॉल या आज्ञेने परत आणता येते. पॅक केल्यावर ती खरोखर जाते.

नव्या संगणकावर प्रोग्राम न चालण्याचे कारण दुरुस्त करण्यासारखे नाही. डॉसचे प्रोग्राम १६ बिटचे असतात आणि ६४ बिटच्या विंडोजमध्ये ते चालवणारा भागच नसतो. विंडोज ११ तर केवळ ६४ बिटमध्येच मिळते. कंपॅटिबिलिटीचे पर्याय बदलण्यात वेळ घालवू नये. डॉसचे प्रोग्राम चालवणारे डॉसबॉक्स हे मोफत साधन अनेकांना माहीत असते, पण ते मुख्यतः जुन्या खेळांसाठी आहे आणि छपाईच्या बाबतीत अडते. व्यवसायाच्या प्रोग्रामसाठी व्हीडॉस हे तसेच दुसरे साधन अधिक सोयीचे पडते, कारण त्यात छपाईचा आणि फाईली कुलूपबंद करण्याचा विचार केलेला आहे. पावत्या डॉट मॅट्रिक्सवर छापायच्या असल्यामुळे हे आपल्याला महत्त्वाचे आहे.

हा उपाय दोन-तीन वर्षांचा समजावा. मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोची पुढची पिढी असलेल्या व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची, नववी आवृत्ती २००४ मध्ये काढली आणि तिचा आधार जानेवारी २०१५ मध्ये संपवला. डीबीएफ फाईली लिबरऑफिस या मोफत संचातील कॅल्क या स्प्रेडशीटमध्येही उघडतात, तेव्हा डेटा अडकून पडेल अशी भीती नाही. कठीण आहे ते प्रोग्राममधील हिशेबाचे नियम नव्याने लिहून घेणे : भाडे, हमाली, आगाऊ रक्कम यांची वजावट कोणत्या क्रमाने होते, हे बहुधा मूळ लेखकाच्या डोक्यात आणि कोडमध्येच असते. जुना प्रोग्राम चालतो आहे तोवरच त्याच्या प्रत्येक पावतीचा आणि अहवालाचा एकेक छापील नमुना काढून ठेवावा आणि नवा प्रोग्राम लिहिणाऱ्याला तेच आकडे आणून दाखवायला सांगावे.

प्रश्न : लिबरऑफिसमधील बेस या डेटाबेस प्रोग्राममध्ये टेबलांवर क्लिक केले की जावा रनटाईम (जावा भाषेतील प्रोग्राम चालवणारे साधन) पाहिजे असा संदेश येतो. जावा टाकले तरी तोच संदेश.
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : बेसच्या फाईलमध्ये अंतर्भूत असणारा एचएसक्यूएलडीबी हा डेटाबेस जावावर चालतो, म्हणून जावा लागते. ती टाकूनही संदेश येत असेल तर बहुधा लिबरऑफिस ६४ बिटचे आणि जावा ३२ बिटची आहे. दोन्ही ६४ बिटचे घ्यावे, मग ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’ आणि ‘ॲडव्हान्स्ड’ येथे जाऊन यादीत आलेली जावा निवडावी आणि लिबरऑफिस पूर्ण बंद करून पुन्हा उघडावे. प्रकल्पाचे काम करताना फाईल वारंवार जतन करावी. टेबलात नोंद लिहून पुढच्या ओळीवर गेल्यावर ती जतन झाली असे वाटते, परंतु अंतर्भूत डेटाबेसमधील बदल बेसच्या ओडीबी फाईलमध्ये उतरण्यासाठी ती फाईल स्वतंत्रपणे जतन करावी लागते, आणि त्याआधी वीज गेली तर त्या नोंदी हाती लागत नाहीत.